जतन न झालेला दस्तऐवज : काय परत मिळते आणि काय मिळत नाही

ऑगस्टचा तिसरा आठवडा आहे. जबलपूर परिसरात पाऊस लागून राहिला आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी जबलपूर येथील तण संशोधन निदेशालय असते. १९८९ मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून या संस्थेची सुरुवात झाली. समजा, अशाच एका दिवशी एखाद्या क्षेत्र सहायकाने सकाळभर गाजरगवतावरील मेक्सिकन भुंग्यांची मोजणी केली आहे. प्रत्येक झाडावरील प्रौढ भुंगे, अळ्या आणि अंडी यांचे आकडे दुपारी संगणकावर भरले जात आहेत. दीड तास काम झाले आहे. फाइलला अद्याप नावही दिलेले नाही. तेवढ्यात वीज कडाडते, दिवे जातात आणि पडदा काळा होतो.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी विस्तार कार्यकर्त्यांना आणि नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना तो परका नाही. हंगामातील सर्वाधिक नोंदी पावसाळ्यात होतात आणि वीज सर्वाधिक वेळा जाते तीही पावसाळ्यातच. येथे हरवते ते केवळ टंकलेखनाचे श्रम नव्हेत. भुंग्यांची त्या दिवशीची संख्या दुसऱ्या दिवशी तशीच राहत नाही. ‘झायगोग्रामा बायकोलोराटा’ हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणण्यात आला आणि १९८४ पासून शेतात सोडण्यात आला. अंड्यापासून प्रौढापर्यंत त्याची पिढी सुमारे महिनाभरात पूर्ण होते. आज मोजलेल्या अळ्या काही दिवसांत मातीत कोषावस्थेत गेलेल्या असतात आणि ज्या झाडावर त्या मोजल्या त्याची पाने खाऊन संपलेली असतात. पत्र पुन्हा लिहिता येते. निरीक्षण पुन्हा घेता येत नाही.

म्हणून जतन न झालेला दस्तऐवज परत कसा मिळवावा, कोणत्या परिस्थितीत तो मिळत नाही आणि न मिळाल्यास काय करावे, हे तिन्ही प्रश्न कृषी क्षेत्रातील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे आवश्यक आहे.

दस्तऐवज नेमका कोठे असतो?

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. पहिले ठिकाण म्हणजे कार्यकारी स्मृती, जिला सर्वजण ‘रॅम’ म्हणतात. दुसरे म्हणजे कायमस्वरूपी साठवण, म्हणजेच हार्ड डिस्क किंवा एसएसडी. आपण जे अक्षर टंकतो ते प्रथम रॅममध्ये जाते. रॅममधील प्रत्येक कण हा एक अतिसूक्ष्म विद्युतधारक असतो. त्यातील भार सतत गळत असल्यामुळे साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की हे भरणे थांबते आणि माहिती नाहीशी होते. फळ्यावर ओल्या बोटाने लिहिलेली अक्षरे जशी वाळून जातात, तशीच ही स्मृती आहे.

‘सेव्ह’ ही आज्ञा दिल्यावर रॅममधील मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि तेथे वीज नसतानाही टिकतो. याचा अर्थ असा, की जो मजकूर कधीही डिस्कवर उतरलाच नाही, तो वीज गेल्यानंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. ‘कोणताही दस्तऐवज परत मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीत ही मर्यादा लक्षात ठेवावी.

मग प्रत्यक्षात अनेकदा दस्तऐवज परत कसे मिळतात? कारण वर्ड, एक्सेल किंवा लिबरऑफिससारखे प्रोग्रॅम वापरकर्त्याला न विचारता अधूनमधून मजकुराची एक तात्पुरती प्रत डिस्कवर ठेवत असतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये या सोयीला ‘ऑटोरिकव्हर’ म्हणतात आणि मूळ मांडणीनुसार ही प्रत दर १० मिनिटांनी घेतली जाते. दीड तासाचे काम जतन केले नसले, तरी शेवटची काही मिनिटे वगळता उरलेला मजकूर डिस्कवर सापडण्याची शक्यता म्हणूनच मोठी असते. परत मिळवणे म्हणजे ही तात्पुरती प्रत शोधून काढणे होय.

वीज परत आल्यावरची पहिली कृती

घाईत केलेल्या कृतीने उपलब्ध प्रत गमावण्याचा धोका असतो, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

१. वीज स्थिर झाल्याची खात्री करून संगणक सुरू करावा. वीज ये-जा करत असताना संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नये.

२. ज्या प्रोग्रॅममध्ये काम चालू होते तोच प्रथम उघडावा. नवी फाइल तयार करून त्याच नावाने जतन करण्याची घाई करू नये.

३. वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावर ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ नावाचा कप्पा बहुधा डाव्या बाजूस दिसतो. त्यातील प्रत्येक नोंदीसमोरील वेळ वाचावी, सर्वांत अलीकडची प्रत उघडून तपासावी आणि ‘सेव्ह ॲज’ या आज्ञेने नव्या नावाने जतन करावी. वर्डमध्ये एफ १२ ही कळ दाबली तरी हीच चौकट उघडते.

४. सर्व प्रती तपासून होईपर्यंत तो कप्पा बंद करू नये. ‘या फाइली नंतर पाहायच्या आहेत का?’ अशा अर्थाचा प्रश्न आल्यास त्या ठेवण्याचाच पर्याय निवडावा.

५. डिस्क स्वच्छ करणारे प्रोग्रॅम त्या दिवशी चालवू नयेत. तात्पुरत्या फाइली पुसणे हेच त्यांचे काम असते आणि आपल्याला हवी असलेली प्रत ही तात्पुरतीच फाइल असते.

हा कप्पा आपोआप दिसला नाही तर काय करावे, हे दस्तऐवज कसा हरवला यावर अवलंबून असते. चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. कीड न ओळखता फवारणी करणे जसे निष्फळ, तसेच कारण न ओळखता शोध घेणे.

पहिला प्रकार : फाइल कधीच जतन केली नव्हती

नव्या कोऱ्या दस्तऐवजावर काम चालू होते आणि संगणक बंद पडला, किंवा बंद करताना चुकून ‘डोन्ट सेव्ह’ दाबले गेले. अशा वेळी वर्ड उघडून ‘फाइल’, त्यानंतर ‘इन्फो’, त्यानंतर ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि शेवटी ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ या मार्गाने जावे. एक्सेलमध्ये याच ठिकाणी ‘मॅनेज वर्कबुक’ आणि ‘रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स’ असे शब्द असतात. उघडलेल्या यादीत फाइलचे नाव विचित्र असू शकते. म्हणून नाव न पाहता तारीख आणि वेळ पाहावी.

येथे दोन मर्यादा आहेत. ऑटोरिकव्हरची प्रत निदान एकदा तरी घेतली गेली असली पाहिजे; पाच मिनिटांत लिहिलेले आणि न जतन करता बंद केलेले टिपण बहुधा सापडत नाही. दुसरे असे, की या प्रती साधारणतः चारच दिवस ठेवल्या जातात. शुक्रवारी हरवलेल्या फाइलचा शोध पुढील आठवड्यात घेऊ असे म्हणणे महागात पडते.

या यादीत काहीच नसेल तर संगणकाच्या शोधचौकटीत ‘एएसडी’ ही तीन इंग्रजी अक्षरे शेवटी असलेल्या फाइली शोधाव्यात; वर्डच्या ऑटोरिकव्हर फाइलींना हेच विस्तारनाम असते. शोधात ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या लहान फाइली दिसल्यास त्यांना भुलू नये. फाइल कोणी उघडली आहे एवढीच नोंद त्यांत असते, मजकूर नसतो.

दुसरा प्रकार : फाइल जुनी होती, आजचे बदल गेले

मागील आठवड्यातील फाइल उघडून त्यात आजची निरीक्षणे भरली आणि जतन न करता ती बंद झाली. या वेळी तीच फाइल पुन्हा उघडून ‘फाइल’ आणि ‘इन्फो’ येथे जावे. ‘मॅनेज डॉक्युमेंट’च्या शेजारी तारीखवेळेसह जुन्या आवृत्त्या दिसू शकतात आणि जतन न करता बंद केल्याची सूचनाही त्यांच्यासमोर असते. हवी ती आवृत्ती उघडून, मूळ फाइलवर न लिहिता, प्रथम वेगळ्या नावाने जतन करावी. दोन्ही फाइली शेजारी ठेवून तुलना केल्यावरच कोणती ठेवायची ते ठरवावे.

या प्रकारात एक फसवी शक्यता असते. जिल्हा कार्यालयाकडून आलेले प्रपत्र अनेकजण ई-मेल किंवा व्हॉट्सॲपमधून थेट उघडून भरू लागतात. अशी फाइल बहुधा एखाद्या तात्पुरत्या किंवा ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये उघडलेली असते. ‘सेव्ह’ दाबले तरी ती आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये जात नाही आणि दुसऱ्या दिवशी मेलमधून पुन्हा उघडल्यावर कोरे प्रपत्रच समोर येते. अशा वेळी दस्तऐवज हरवलेला नसून भलत्या जागी असण्याची शक्यता आहे. वर्डमधील ‘ओपन’ आणि ‘रीसेंट’ ही यादी पाहावी. त्यात फाइलचे पूर्ण ठिकाण कळते. यापुढे प्रपत्र आधी योग्य फोल्डरमध्ये जतन करावे आणि मगच त्यात लिहावे.

तिसरा प्रकार : चांगल्या फाइलवर चुकीचे जतन झाले

मागील वर्षाच्या सोयाबीन कीडनोंदींच्या फाइलमध्ये यंदाचे आकडे भरले आणि सवयीने ‘सेव्ह’ दाबले, असे घडते. फाइल अजून उघडी असेल तर घाबरू नये. ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्यावर केलेले बदल एकामागून एक मागे घेता येतात. वर्डमध्ये आणि एक्सेलच्या अलीकडील आवृत्त्यांत जतन केल्यानंतरही हे शक्य असते. मात्र फाइल बंद केल्यावर ही संधी संपते.

फाइल वनड्राइव्हवर असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’ मधून जुनी आवृत्ती परत आणता येते. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये ‘फाइल’ यादीतील ‘व्हर्जन हिस्टरी’ हेच काम करते. कोणी, कोणत्या वेळी, काय बदलले हेही तेथे दिसते. संगणकावरील फाइलींसाठी विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही सोय आहे; परंतु ती आधी सुरू केलेली असली तरच उपयोगी पडते. अपघातानंतर विमा काढता येत नाही, तसेच हे आहे.

जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला गेला की तोटा कायमचा होऊ शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या नासा या संस्थेचे आहे. १९६९ मधील अपोलो ११ मोहिमेच्या चांद्रपदार्पणाचा मूळ संकेत ज्या चुंबकीय फितींवर होता, त्या पुढे फितींच्या टंचाईत पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्या संस्थेने २००९ मध्ये जाहीर केला. चित्रण सुधारता आले ते दूरचित्रवाणी प्रसारणाच्या इतरत्र राहिलेल्या प्रतींमुळे. मूळ नोंद नष्ट झाली तरी दुसऱ्या ठिकाणची प्रत उपयोगी पडते, हा त्यातील धडा जिल्ह्याच्या कार्यालयालाही लागू आहे.

चौथा प्रकार : फाइल पुसली गेली

संगणकावरून पुसलेली फाइल प्रथम ‘रिसायकल बिन’मध्ये पाहावी. ‘शिफ्ट’ कळ दाबून पुसलेली फाइल तेथे जात नाही आणि पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइलही साधारणतः तेथे सापडत नाही.

तरीही आशा पूर्ण संपलेली नसते. फाइल पुसली म्हणजे बहुधा तिचा पत्ता खोडला जातो. मजकूर काही काळ तसाच राहतो आणि ती जागा ‘मोकळी’ समजली जाते. नवी माहिती त्या जागेवर लिहिली गेली की जुना मजकूर खरोखर नष्ट होतो. म्हणून पहिला नियम असा : ज्या पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डवरून फाइल गेली, त्यावर पुढे काहीही लिहू नये, छायाचित्रे काढू नयेत. ‘फोटोरेक’सारखा मोफत प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर चालवून पुसलेल्या फाइली शोधता येतात. सापडलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर नव्हे, तर वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात.

एसएसडी असलेल्या संगणकांत मात्र ही शक्यता खूप कमी होते. मोकळी झालेली जागा लवकर स्वच्छ करण्यासाठी तेथे ‘ट्रिम’ नावाची प्रक्रिया चालते आणि ती झाल्यावर मजकूर परत मिळणे जवळजवळ अशक्य होते. नवा लॅपटॉप वेगवान असतो. परंतु चुकून पुसलेल्या फाइलच्या बाबतीत तो जुन्या हार्ड डिस्कइतका क्षमाशील नसतो.

इतर प्रोग्रॅम, पोर्टल आणि मोबाइल

अनेक कार्यालयांत लिबरऑफिस वापरले जाते. त्यातही ठरावीक मिनिटांनी पुनर्प्राप्तीची प्रत घेतली जाते आणि अचानक बंद पडल्यानंतर पुन्हा उघडल्यावर ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची चौकट येते. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’ आणि ‘जनरल’ या मार्गाने हा कालावधी कमी करता येतो. तेथेच ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ हा पर्याय आहे. तो निवडला की प्रत्येक जतनाच्या वेळी आधीची आवृत्ती वेगळी ठेवली जाते.

गूगल डॉक्समध्ये वेगळे जतन करावे लागत नाही. परंतु इंटरनेट खंडित झाल्यावर काम सुरक्षित राहावे यासाठी ‘ऑफलाइन’ सोय आधीच सुरू करून ठेवावी लागते. इंटरनेट गेले असताना ब्राउझरची चौकट बंद करू नये. जोडणी परत येऊन ‘सेव्ह्ड’ असे दिसेपर्यंत थांबावे.

सर्वाधिक नुकसान होते ते वेब पोर्टलवर थेट लिहिलेल्या मजकुराचे. यशोगाथा, प्रशिक्षण अहवाल किंवा प्रात्यक्षिकांची माहिती थेट पोर्टलच्या चौकटीत टंकल्यास, सत्राची मुदत संपताच पान पुन्हा प्रवेशनाम मागते आणि मजकूर नाहीसा होतो. त्याची तात्पुरती प्रत बहुधा कोठेही नसते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांचे काम जबलपूरच्या कृषी तंत्रज्ञान अनुप्रयोग संशोधन संस्थेच्या कक्षेत येते. अशा विस्तृत व्यवस्थेत अहवालाची अंतिम तारीख जवळ आली की पोर्टलवर ताण येणे स्वाभाविक असते. मजकूर आधी दस्तऐवजात लिहावा, जतन करावा आणि मग पोर्टलवर चिकटवावा.

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप या कीडरोग सर्वेक्षण प्रकल्पाने शेतातील निरीक्षणे संगणकीय पद्धतीने गोळा करण्यास सुरुवात केली. अशा सर्व व्यवस्थांचा पाया म्हणजे वेळेवर पोहोचलेले निरीक्षण होय. मोबाइलवर नोंदी घेताना जे ॲप जोडणी नसतानाही भरलेला नमुना फोनमध्ये साठवून नंतर पाठवते, तेच निवडावे. नोंदी पाठवल्या गेल्याची खात्री होईपर्यंत ते ॲप काढून टाकू नये किंवा त्याची साठवण स्वच्छ करू नये.

परत मिळालेला मराठी मजकूर ‘बिघडलेला’ दिसतो तेव्हा

मराठीत काम करणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो आणि फॉन्टमुळे तो देवनागरी दिसतो. पुनर्प्राप्तीच्या प्रक्रियेत फॉन्टची माहिती गळून पडली, तर फाइलमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अशी फाइल खराब झाली असे समजून पुसून टाकली जाते आणि मिळालेला दस्तऐवज दुसऱ्यांदा हरवतो. तो मजकूर निवडून मूळ फॉन्ट पुन्हा लावून पाहावा. बहुतेक वेळा मराठी परत दिसते. युनिकोड मराठीत हा प्रश्न उद्भवत नाही. कारण तेथे साठवणच देवनागरी अक्षरांची असते. नव्या नोंदी युनिकोडमध्ये ठेवण्याचे हे एक भक्कम कारण आहे.

काहीच परत मिळाले नाही तर

सर्व मार्ग संपल्यावर खरी कसोटी लागते. आकडे ‘साधारण लक्षात आहेत’ असे वाटते. बारा झाडांवर सहा-सात अळ्या होत्या, एका झाडावर बहुधा पंधरा होत्या. अशा आठवणीतून तक्ता पुन्हा भरण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. आठवण सरासरीकडे झुकते. वेगळा, टोकाचा आकडा ती विसरते किंवा फुगवते. कीटकशास्त्रात तर तो टोकाचा आकडाच उद्रेकाची पहिली खूण असू शकतो. प्रति मीटर ओळीतील अळ्यांची संख्या आर्थिक नुकसान पातळीच्या वर की खाली, यावर शेतकऱ्याने फवारणीचा खर्च करावा की नाही हे ठरते. कल्पनेने भरलेल्या आकड्याची किंमत अखेर शेतकरी मोजतो.

कृषी संशोधनाने हरवलेल्या आकड्याचा प्रश्न प्रामाणिकपणे कसा सोडवावा, हे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून पीकप्रयोगांच्या नोंदी सांभाळल्या जात आहेत. एखाद्या प्लॉटची नोंद हरवली किंवा पीक नष्ट झाले तर विश्लेषण कसे करावे, याची पद्धत ॲलन आणि विशार्ट यांनी १९३० मध्ये मांडली आणि फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये ती व्यापक केली. यादृच्छिक गट पद्धतीत एकच नोंद हरवल्यास तिचा अंदाज पुढीलप्रमाणे काढतात : उपचारांची संख्या गुणिले त्याच उपचाराच्या उरलेल्या नोंदींची बेरीज, अधिक गटांची संख्या गुणिले त्याच गटातील उरलेल्या नोंदींची बेरीज, उणे सर्व उरलेल्या नोंदींची बेरीज, आणि या उत्तराला, उपचारांपेक्षा एकने कमी आणि गटांपेक्षा एकने कमी या दोन संख्यांच्या गुणाकाराने भागायचे.

समजा, ५ उपचार आणि ४ गट आहेत. हरवलेल्या प्लॉटच्या उपचाराच्या उरलेल्या तीन नोंदींची बेरीज ३३ किलो, त्याच गटातील उरलेल्या चार नोंदींची बेरीज ४० किलो आणि उरलेल्या एकूण १९ नोंदींची बेरीज १९० किलो आहे. मग १६५ अधिक १६० उणे १९० म्हणजे १३५. त्याला १२ ने भागल्यावर ११.२५ किलो हा अंदाज मिळतो.

या पद्धतीतील पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. हा आकडा भरल्यानंतर त्रुटीची स्वातंत्र्य कोटी १२ ऐवजी ११ धरावी लागते. म्हणजे अंदाजाने तक्त्यातील रिकामी जागा भरली तरी नवी माहिती मिळालेली नाही, याची कबुली गणितातच द्यावी लागते. अहवालातही ‘ही नोंद हरवली असून अंदाजित मूल्य वापरले आहे’ असे स्पष्ट लिहावे. साप्ताहिक कीडसर्वेक्षणात तर हे सूत्रही लावू नये. तेथे जागा रिकामी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर नवे निरीक्षण घेऊन त्यावर नवी तारीख टाकावी. रिकाम्या जागी शून्य कधीही लिहू नये. शून्य म्हणजे ‘पाहिले, कीड नव्हती’; रिकामी जागा म्हणजे ‘नोंद नाही’. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नुकसान होऊच नये यासाठी

पुढील व्यवस्था एकदाच करायची असून त्यासाठी अर्धा तास पुरतो.

• फाइल उघडताच, पहिला शब्द लिहिण्यापूर्वी, नाव देऊन जतन करावे. नावात ठिकाण, पीक आणि तारीख असावी. त्यानंतर दर काही ओळींनी ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या कळा दाबण्याची सवय ठेवावी.

• ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’ आणि ‘सेव्ह’ येथे जाऊन ऑटोरिकव्हरचा कालावधी १० मिनिटांवरून २ किंवा ३ मिनिटांवर आणावा. जतन न करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करावी.

• वनड्राइव्हवरील ‘ऑटोसेव्ह’ वापरताना जुन्या फाइलवरून नवी तयार करायची असेल, तर आधी प्रत काढावी आणि मग बदल करावेत. ऑटोसेव्ह चुकाही तितक्याच तत्परतेने जतन करतो.

• डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडावा. साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर येण्यास लागणारा क्षणभराचा विलंबही संगणक बंद पाडू शकतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो. बॅटरी निकामी झालेला लॅपटॉप डेस्कटॉपइतकाच असुरक्षित समजावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यावर काम जतन करून उपकरणे बंद करावीत आणि प्लग काढावेत.

• विंडोजमधील ‘ॲक्टिव्ह अवर्स’ कामाच्या वेळेनुसार ठरवावेत, म्हणजे अद्ययावतीकरणासाठी संगणक भर कामात पुन्हा सुरू होणार नाही.

• प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात : कामाच्या संगणकावर, वेगळ्या डिस्कवर आणि दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर. एकाच खोलीतील तीन प्रती गळक्या छताखाली एकच ठरतात.

या सर्वांच्या आधी येते ती शेतवही. शेतात पेन्सिलीने लिहिलेली नोंद पावसाने पसरत नाही. कीटकांच्या नमुन्यांसोबत अल्कोहोलमध्ये ठेवायच्या चिठ्ठ्याही याच कारणाने पेन्सिलीने लिहिल्या जातात. निरीक्षणाची मूळ प्रत कागदावर असेल आणि संगणकावर भरण्यापूर्वी त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतलेले असेल, तर वीज गेल्यावर जातो तो केवळ टंकण्याचा वेळ. भरलेल्या वह्या हंगाम संपताच रद्दीत न टाकता निदान विश्लेषण पूर्ण होऊन अहवाल स्वीकारला जाईपर्यंत जपून ठेवाव्यात.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना १९६४ ची. तेथे विकसित झालेला आणि १९९४ मध्ये प्रसारित झालेला ‘जेएस ३३५’ हा सोयाबीन वाण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना घरच्यासारखा परिचित आहे. कोणताही वाण असा शेतापर्यंत पोहोचतो तो अनेक हंगामांच्या, अनेक ठिकाणच्या प्लॉटनिहाय नोंदींच्या आधारे. त्यातील प्रत्येक आकडा कोणीतरी चिखलात उभे राहून लिहिलेला असतो. सुरुवातीच्या प्रसंगातील क्षेत्र सहायकाने सकाळचे आकडे वहीत लिहिले असतील, तर त्याने चहा घ्यावा, वीज येण्याची वाट पाहावी, ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’चा कप्पा उघडावा आणि मिळालेली प्रत वहीशी एकेक ओळ ताडून पाहावी. वही नसेल आणि प्रतही मिळाली नाही, तर तक्त्यातील ती जागा रिकामी ठेवावी आणि पाऊस उघडताच पुन्हा प्लॉटवर जावे.